शेपटीची गाठ

वस्तादाचा कुणावर विश्वास नव्हता. माणसांवर नव्हताच, पण हवेवर, घड्याळावर आणि दुसऱ्याच्या काट्यावरही नव्हता. कांदे विकत आणले तरी तो ते आपल्या दुकानातल्या काट्यावर टाकून बघायचा, आणि वजन बरोबर भरलं की जास्तच चिडायचा. "बघितलंस? मला बघून नीट दिलं. दुसऱ्याला कमी देत असणार!" आता असल्या माणसाशी संसार करायचा म्हणजे काय गंमत आहे? पण त्याची बायको वर्षानुवर्षं करत होती, आणि हसतमुखाने करत होती, हे तिचं थोरपण.

गल्लीच्या तोंडाशी त्याचं मटणाचं दुकान. वस्ताद हे नाव गल्लीनेच ठेवलेलं, कारण सुरी हातात आली की गडी भलताच नाजूक व्हायचा. एरवी दार लावलं तर भिंत हलायची, पण हाडावरून मांडी सोडवताना एक रेषा इकडची तिकडे नाही. दुकान बंद करताना रोज तो सगळ्यात चांगला तुकडा घरासाठी काढायचा, कागदात गुंडाळायचा आणि सुतळीने बांधायचा. गिऱ्हाइकाच्या पुडक्याला साधी गाठ. घरच्या पुडक्याला मात्र त्याच्या बापाने शिकवलेली, दोन शेपट्यांची. बरोबर शेपटी हलकेच ओढली की गाठ फुलासारखी सुटते. चुकीची ओढलीत तर अशी आवळते की मग कात्री घेतल्याशिवाय सुटका नाही. बरोबर शेपटी कुठली हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, एक वस्ताद आणि दुसरी त्याची बायको. ती सुतळी सोडवून गुंडाळायची आणि स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला अडकवायची. तिकडे कायम सुतळीचा एक टपोरा गुंडा लटकलेला असायचा.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना, मागच्या थंडीत दुकानाखालच्या, मटण साठवायच्या शीतघराच्या पायऱ्या चढताना वस्तादाच्या छातीवर कुणीतरी बसलं. कुणी दिसत नव्हतं, पण बसलं. डाव्या हाताला मुंग्या, कपाळाला गार घाम. डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं आणि स्पष्ट सांगितलं, "रक्तात चरबी साचलीय, हृदयाच्या नळ्या अरुंद झाल्यात. गोळ्या देते, पण मटण बंद. डाळी खा, भाज्या खा, मूठभर दाणे-अक्रोड खा, रोज चाला."

वस्ताद खो खो हसला. "बाई, खाटकाला मटण सोडायला सांगता? उद्या मोच्याला अनवाणी फिरायला सांगाल!"

"मग घरच्यांना काय सांगायचं ते सांगून ठेवा," बाई शांतपणे म्हणाल्या. "नंतर वेळ मिळाला नाही तर?"

वस्तादाला हे मुळीच पटलं नाही. बाईंचं कुठल्यातरी भाजीवाल्याशी साटंलोटं असणार, हे त्याने दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरताच ठरवून टाकलं. पण मागून येणारी बायको डाळी, भाज्या, अक्रोड असं बोटांवर मोजत पाठ करत होती, हे काही त्याने पाहिलं नाही.

घरी बेबीनेही तोंडसुख घेतलं. बेबी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात पाणी तपासायचं काम करायची, नाकावर चष्मा, पण घरात बेबीच. "बाबा, तुमच्या तब्येतीचं तर आहेच, पण त्या डोंगराकडेही बघा. मेंढ्यांनी गवताची मुळंसुद्धा ठेवली नाहीत. पाऊस पडला की सगळी माती आमच्या टाकीत येते. एक किलो मटणामागे जेवढं पाणी जातं ना, त्यात दुप्पट मसूर पिकेल."

"पाणी मेंढी पिते. मी पितो का? माझ्यावर कशाला बिल फाडतेस!"

"अहो, पण एकदा ऐकून तर घ्या," बायको म्हणाली.

"ज्या दिवशी ताटात मटण नसेल त्या दिवशी मी जेवणार नाही. संपलं!"

बायकोने प्रयत्न केला. समोर भाजीचं सूप ठेवलं. वस्तादाने ताट सरकवलं आणि उपाशी झोपला, दुसऱ्या दिवशीही तसाच झोपला. तिसऱ्या दिवशी ताटात खिमा आला, वस्तादाने मिटक्या मारत खाल्ला आणि घरातली लढाई संपली. निदान त्याला तसं वाटलं.

झाले चार-सहा महिने. एक दिवस दुकानात वाकताना वस्तादाची विजार घसरली. समोर गिऱ्हाईक, हातात सुरी, आणि विजार निघाली खाली! तशीच मुठीत धरून तो शेजारच्या मास्तरांकडे गेला.

मास्तर म्हणजे शिंपी. घराला घर लागून, पुढे दुकान, मागे खोली. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नाही. चहा, पाव आणि विडी यांवर जगणारा काडीसारखा माणूस. त्यांनी वस्तादाच्या कमरेला फीत लावली आणि भुवया वर नेल्या. "वस्ताद, चार बोटं गेली की हो!"

"फीत ताणलेली असेल तुमची."

"फीत कशी ताणेल? थांबा." मास्तरांनी फीत स्वतःच्या पोटाला लावली आणि लाजून हसले. "माझी मात्र वाढली."

तेव्हा कुठे वस्तादाने मास्तरांकडे नीट पाहिलं. काडीसारखा माणूस? छे! गाल भरलेले, सदऱ्याची बटणं तंगलेली, बोटांवर सुद्धा मांस आलेलं. मांस कुठे आणि किती चढलंय हे वस्तादाला कुणी शिकवायला नको.

"कंबर कमी करायचे किती घ्याल?" त्याने विचारलं.

"तुमच्याकडून घेऊ? काहीतरीच काय!" मास्तरांनी छातीवर हात ठेवला. "तुमचे उपकार का थोडे आहेत माझ्यावर?"

कसले उपकार? वस्तादाने या माणसाला उभ्या जन्मात बोटभर सुतळी दिली नव्हती. आणि सुतळी म्हणता म्हणता त्याची नजर कपाटाखाली गेली. तिथे कापडाच्या चिंध्यांत एक गाठ पडली होती. दोन शेपट्यांची. नुसती गाठ, घट्ट आवळलेली, दोन्ही बाजूंनी कात्रीने कापलेली. तिच्या शेजारी आणखी एक. तशीच.

मनात पाल चुकचुकली. चुकचुकली कसली, चांगली मोठ्याने ओरडली. मास्तरांची पाठ वळताच त्याने एक गाठ उचलून खिशात टाकली.

घरी आल्यावर पहिलं काम केलं ते दारामागे बघण्याचं. खिळ्यावर सुतळीचा गुंडा होता, पण त्यावर धूळ बसली होती. कितीतरी दिवसांत त्यात नवा वेढा पडलेला नव्हता. म्हणजे पुडकं या घरात उघडलंच जात नव्हतं! रोज संध्याकाळी तो ते बायकोच्या हातात द्यायचा, अंगाला येणारा वास जाईपर्यंत खळखळून अंघोळ करायचा, बाहेर यायचा तर ताट तयार. इतक्या लवकर मटण शिजतं कसं, असा प्रश्न दुसऱ्या कुणालाही पडला असता. वस्तादाला तो कधीच पडला नाही. उलट तो दुकानात छाती फुगवून सांगायचा, "माझं मटण लोणी आहे लोणी! विस्तवाला नुसतं दाखवायचं." आता बोला!

पण गोची अशी होती की मटण तर ताटात येतच होतं. काल खिमा खाल्ला, परवा तुकडे खाल्ले. स्वतःच्या जिभेने खाल्ले, आणि खाटकाची जीभ खोटं बोलते का? मग मास्तरांकडे गेलेलं पुडकं कुठलं? वस्ताद रात्रभर कूस बदलत राहिला आणि सकाळी त्याने निकाल लावला. बायको त्याचं उत्तम मटण त्या शिंप्याला देत होती, आणि नवऱ्याच्या ताटात कुठल्यातरी परक्या दुकानाचं शिळंपाकं मटण वाढत होती. नवरा तो नवरा, वर त्याचं दुकानही फसवलं! आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. हे कधीपासून चाललं होतं? आणि मटणाबरोबर आणखी काय काय चाललं होतं? हा दुसरा प्रश्न मनात आला आणि वस्तादाला दुकान उघडायचंही सुचेना. बायको गेली तर आपलं काही उरत नाही, ही गोष्ट त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळली. कळली, पण बोलतोय कशाला!

त्याने पारख करायची ठरवलं. संध्याकाळी पायाची नळी घेतली, तिच्या टोकाला सुरीचा तिरका घाव घातला, आणि पुडकं देताना सांगितलं, "आज नळीसकट शिजव."

अंघोळ करून आला तर ताटात मऊसूत तुकडे. नळी नाही.

"नळी कुठंय?"

"काढली," बायको त्याच्याकडे न बघता म्हणाली. "मागे दात कुणाचा हलला होता? माझा?"

बेबीला एकदम ठसका लागला. वस्तादाने दोघींकडे आळीपाळीने बघितलं आणि तुकडा तोंडात टाकला. खरं सांगायचं तर फर्मास झाला होता. हेच तर त्याला सहन होईना! शत्रूच्या दुकानातलं मटण इतकं चांगलं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांच्या मागच्या खिडकीखाली गल्लीतलं काळं कुत्रं नळी चघळत बसलं होतं. नळीच्या टोकाला तिरका घाव. वस्तादाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यात आणखी तेल ओतलं मेंढपाळाने. हा मेंढपाळ दर आठवड्याला वस्तादाला मेंढ्या आणून द्यायचा. त्या दिवशी तो दुकानात यायच्या आधी घराच्या मागच्या दाराशी गेला आणि बायकोच्या हातात एक जडसं पोतं देऊन आला, हे वस्तादाने डोळ्यांनी पाहिलं.

"काय दिलंस रे घरी?"

"काही नाही," मेंढपाळ गडबडला. मग उगाच बोलत सुटला. "मेंढ्या कमी होणार हां पुढच्या खेपेला. डोंगर पार बोडका झालाय. वरचा झरा या उन्हाळ्यात आटला. धाकट्या भावाने खालच्या पट्टीत मसूर टाकलाय, त्याला पाणीही कमी लागतं. मलाही म्हणतो, निम्मा कळप वीक."

"भाव वाढवायचे तर सरळ सांग. डोंगराचं नाव नको करू!"

पण मनात त्याने नोंद केली. मेंढपाळही सामील. म्हणजे बायको, पोरगी, शिंपी, मेंढपाळ, सगळे एका बाजूला, आणि हा एकटा दुसऱ्या बाजूला. गेल्या महिन्यात बेबीने लाडीगोडी लावून त्याला रक्त तपासायला नेलं होतं, तेही आता आठवलं. रक्त कशाला हवं होतं यांना? माणूस किती दिवस टिकतो ते बघायला? एकदा संशयाचं भूत मानगुटीवर बसलं की ते कुठल्या गल्लीत हिंडवून आणील, नेम नाही.

त्या संध्याकाळी वस्तादाने पुडकं नेहमीसारखं बांधलं, नेहमीसारखं दिलं आणि न्हाणीघरात गेला. नळ सोडला. दार लोटलं आणि अनवाणी, आवाज न करता, मागच्या गच्चीकडे सटकला. दाराच्या फटीतून दिसलं ते असं. बायको कठड्याशी उभी होती. पलीकडे मास्तर. बायकोने पुडकं पुढे केलं, मास्तरांनी दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावलं.

"त्यांना कळू देऊ नका हं," बायको हळूच म्हणाली.

"नाही हो वहिनी. जिवात जीव आहे तोवर नाही."

वस्ताद फटीपासून मागे सरला. इतके दिवस संशय घेत होता, पण आतून कुठेतरी तो खोटा ठरावा असंच त्याला वाटत होतं. आता काय राहिलं? मागून बेबीचा आवाज आला, "बाबा! पाणी वाहतंय! अख्खी टाकी रिकामी करताय का?" पण तोवर वस्ताद पुढच्या दाराने बाहेर पडून मास्तरांच्या दुकानात शिरला होता.

मास्तर टेबलाशी उभे होते. एका हातात पुडकं, दुसऱ्यात कात्री. वस्तादाने खिशातली जुनी गाठ त्यांच्यासमोर आपटली.

"ही काय आहे?"

"सुतळी."

"कुणाची?"

मास्तर हसले, अगदी मनापासून. "अहो, तुमचीच की! तुम्ही रोज पाठवता, आणि बोलायचं नाही म्हणता. वहिनी म्हणाल्या, त्यांना उपकाराची भाषा आवडत नाही, पुडकं कुणाचं ते तुम्हाला ठाऊक आहे हे त्यांना कळू देऊ नका. म्हणून इतके दिवस गप्प होतो. पण वस्ताद, या एकट्या माणसाला…" आणि ते थांबले. कात्री खाली पडली. त्यांनी डावा हात उजव्या हाताने धरला. "जरा बसतो हं."

"नाटकं नकोत!" वस्ताद गरजला. "मी पाठवतो? मी?"

मास्तर खुर्चीवर बसले नाहीत, घसरले. डोळे अर्धवट मिटले. वस्ताद कमरेवर हात ठेवून बघत राहिला. लबाड कसा झकास डोळे मिटतो बघा, असंच त्याच्या मनात आलं. उभं राहून बघतच राहिला असता, पण मास्तरांच्या कपाळावर घाम चमकला, राखाडी, गार. आणि तो हात, तसाच धरलेला. शीतघराची पायरी आठवली. छातीवर बसलेलं ते न दिसणारं माणूस आठवलं.

"अरे देवा! मास्तर? ओ मास्तर!"

मग मात्र त्याने क्षण घालवला नाही. रोज खांद्यावर अख्खा मेंढा टाकायचा तसं मास्तरांना टाकलं आणि दुकानाच्या गाडीतून थेट दवाखान्यात नेलं. गाडी चालवताना तो एकटाच ओरडत होता, "मेलात तर याद राखा! मला अजून विचारायचंय!"

बायको आणि बेबी मागोमाग धावत आल्या. वस्ताद बाकावर बसला होता, पायात चप्पल नाही. बऱ्याच वेळाने दार उघडलं आणि डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्याच त्या, भाजीवाल्याशी साटंलोटं असलेल्या.

"वाचले. वेळेवर आणलंत. थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं."

वस्तादाने मान खाली घातली. तो उशीर कसा झाला असता, हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

बाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "तुम्ही होय! ओळखलंच नाही. किती उतरलात! गेल्या महिन्यातलं तुमचं रक्त बघून मी यांना म्हटलं, असंच चालू ठेवा. चरबी पुष्कळ खाली आलीय. गोळ्यांचा गुण आहे, पण निम्मा गुण मटण सोडल्याचा."

"सोडलंय कुणी? मी रोज खातो!"

बाईंनी बायकोकडे पाहिलं. बायकोने जमिनीकडे पाहिलं. बेबीने चष्मा काढून पुसायला घेतला. बाई शहाण्या होत्या, त्या निघून गेल्या.

"अगं, बोल काहीतरी," वस्ताद म्हणाला.

"मसूर," बायको म्हणाली.

"काय?"

"खिमा म्हणून खाता ना, तो मसूर. त्यात मशरूम बारीक चिरून, आणि अक्रोड. मेंढपाळाच्या भावाच्या शेतातला मसूर आहे, पोतं तोच आणून देतो."

"आणि कालचे तुकडे? नळीचे?"

"मशरूमचे जाड देठ. आधी विस्तवावर चांगले धुरकटवले होते."

"आणि मी म्हणालो…"

"हो, म्हणालात. माझं मटण लोणी आहे लोणी! मी तोंड फिरवून हसले." पण आता तिला हसू येत नव्हतं, डोळे भरले होते. "काय करू मग? बाई म्हणाल्या, घरच्यांना सांगून ठेवा. मला ते रोज ऐकू यायचं. तुम्ही तर ताट सरकवून उपाशी झोपायला लागलात. खोटं बोलले, तुम्ही जगावं म्हणून बोलले."

"मग ते मटण मास्तरला का?"

"टाकून देऊ?" ती एकदम उसळली. "सगळ्यात चांगला तुकडा माझ्यासाठी काढता, ती गाठ मारून आणता, ते उकिरड्यावर टाकू? माझा हात नाही झाला. उघडायचाही धीर होईना, उघडलं की वाटायचं आता शिजवलंच पाहिजे. पलीकडे एकटा माणूस पाव खाऊन दिवस काढतोय. म्हटलं, तुमच्या हातचं आहे, कुणाच्या तरी मुखी लागू दे. आता बघा. एकाला वाचवायला गेले आणि दुसऱ्याच्या जिवावर उठले!"

"तसं नाही गं आई," बेबी तिच्या खांद्यावर हात ठेवत म्हणाली. "बाई म्हणाल्या, त्यांच्या नळ्या कित्येक वर्षांपासून खराब होत्या. दिवसभर बैठक आणि विड्या."

"आणि वर माझं रोजचं चरबीचं मटण. ते काय औषध होतं?"

बेबीने तिला पाणी दिलं. वस्तादाने त्या वेळी गप्प राहायला हवं होतं. पण गप्प राहील तर वस्ताद कसला!

"मला आपलं वाटलं…" तो पुटपुटला.

"काय वाटलं?"

"गाठ दिसली ना मला मास्तरकडे. मग गच्चीत बघितलं. तू म्हणालीस, कळू देऊ नका. म्हणून वाटलं की तुझं आणि…"

बायको त्याच्याकडे बघत राहिली. आधी तिला काही उमगलंच नाही. उमगलं तेव्हा तिचा चेहरा असा झाला की वस्तादाला वाटलं, ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "एवढ्या वर्षांनी?" इतकंच ती म्हणाली आणि बेबीचा हात धरून चालू लागली.

त्यानंतर घरात जे सुरू झालं त्यापेक्षा उपास बरा. बायको बोलेना. कपडे धुतलेले, गोळ्या वेळेवर, ताट समोर, पण शब्द एकच. ताट ठेवताना ती सपाट आवाजात सांगायची, "मसूर." किंवा, "मशरूम." आणि गंमत बघा, तोच पदार्थ, तोच हात, तेच तिखट-मीठ, पण नाव कळल्यापासून वस्तादाच्या जिभेला तो कागदासारखा लागायचा. तरी एकदाही त्याने ताट सरकवलं नाही. मुकाट खायचा, बोटं चाटायचा आणि म्हणायचा, "छान झालंय हं." ती भांडी उचलून निघून जायची. दुकानात तो घरासाठी तुकडा काढायला सुरी उचलायचा आणि पुन्हा खाली ठेवायचा. मेंढपाळाला म्हणाला, "पुढच्या खेपेला एक मेंढी कमी आण. आणि तो डोंगर खरंच बोडका झालाय का, एकदा बघायला येतो." मेंढपाळ बघतच राहिला. वस्ताद आणि दुसऱ्याचं ऐकतोय!

तिकडे दवाखान्यात मास्तरांनी नवाच घोळ घातला होता. उकडलेल्या भाज्या आल्या की तोंड फिरवायचे. "वस्तादांच्या घरचं मटण द्या, नाहीतर काही नको. कागद खाऊन जगण्यापेक्षा मेलेलं बरं!" दोन ताटं परत गेली. ही बातमी बेबीने घरी आणली तेव्हा बायको ओट्याशी उभी होती. तिने लगेच मसूर भिजत घातला.

संध्याकाळी डबा तयार झाला. बायकोने तो कापडात गुंडाळला आणि पिशवीत ठेवणार, एवढ्यात वस्ताद म्हणाला, "थांब." दारामागच्या खिळ्यावरून त्याने सुतळीचा गुंडा काढला, धूळ झटकली आणि डब्याला गाठ मारली. घरची. दोन शेपट्यांची. तिने पाहिलं आणि डबा पिशवीत ठेवला.

मास्तर उशीला टेकून बसले होते. गाल उतरले होते, पण पुडक्याचा आकार बघताच डोळ्यांत चमक आली. "कात्री आहे का कुणाकडे?"

"कात्री कशाला? ही शेपटी ओढा," वस्तादाने दाखवलं. "ती नाही. ही. हळू."

गाठ सुटली. मास्तर लहान मुलासारखे खूश झाले. "असं असतं होय! मी मेला इतके दिवस कापत बसलो." त्यांनी झाकण काढलं, एक घास घेतला, सावकाश चावला. मग दुसरा. बायको मागे उभी राहून बघत होती. मास्तर थांबले, चमच्यातल्या खिम्याकडे त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं.

"वस्ताद, खरं सांगा," ते म्हणाले. "हे मटणच आहे ना? नाही, म्हणजे दवाखान्यात हल्ली कुणाचं काही खरं नाही. मला उगीच शंका आली."

वस्ताद ताठ उभा राहिला. छाती फुगवली. असा अपमान झाल्याचा चेहरा केला की दारातली परिचारिकासुद्धा वळून बघू लागली.

"मास्तर! खाटकाच्या घरच्या डब्यावर शंका घेता? माझ्या हातचं आहे ते. लोणी आहे लोणी!" आणि मग आवाज खाली आणून, बायकोकडे न बघता म्हणाला, "संशय फार वाईट हो. चांगल्या माणसाचं मन मोडतं त्यानं."

मास्तर वरमले आणि मुकाट खाऊ लागले. मागे बायकोने पदर तोंडाला लावला होता. ती रडते आहे की हसते आहे हे वस्तादाला कळेना, आणि वळून बघायचा त्याला धीर होईना. तेवढ्यात त्याच्या कोपराला तिचा हात लागला.

"अहो," ती म्हणाली, "घरी चला आता. तुमचंही मटण शिजवायचंय."